बाप्तिस्म्याची नोंद सापडत नाही? पणजोबांपाशी तुटलेली साखळी कुठून तपासायची

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या रजिस्टरांचं लोखंडी कपाट गेली पंधरा-सोळा वर्षं माझ्या ताब्यात आहे. ताब्यात म्हणजे काय, तर किल्ली माझ्या पर्समध्ये असते आणि पावसाळ्याआधी आतला कडुनिंबाचा पाला मी बदलते. इंदूर, महू, देवास, मधूनच बडोदा किंवा नगर, अशी कुठकुठून माणसं येतात. तक्रार एकच. आजोबांपर्यंत साखळी धड येते आणि पणजोबांपाशी तुटते. कारणं लोक घरूनच ठरवून आणतात: वाळवीनं खाल्लं असेल, पुरात गेलं असेल, साहेब लोक जाताना घेऊन गेले असतील.

वाळवीनं चाळण केलेली पानं मी पाहिली आहेत. पण तेवढ्यामुळे अडलेली घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. बाकीच्यांची नोंद जागच्या जागी होती. ती लिहिणाऱ्याच्या कानाला जे नाव ऐकू आलं, ते नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की लेखणी कोणाच्या हातात होती?

लक्षणं

आडनावानं शोधलं तर एकही नोंद निघत नाही. किंवा उलट, एकाच नावाच्या दोन नोंदी निघतात, दोन वर्षांच्या अंतरानं, आईबाप तेच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मसाल एक आणि रजिस्टरात बारा वर्षांनंतरचं भलतंच. घरातली वडीलधारी "छप्पनच्या साली" म्हणतात आणि १८५६ ची पानं चाळून तुमचे डोळे दुखतात. चर्चमध्ये विचारलं तर "आमच्याकडे नाही" एवढंच उत्तर. आणि सगळ्यात अवघड लक्षण म्हणजे नोंद सापडते, पण वडिलांच्या नावाचा रकाना कोरा असतो.

यातलं तुमचं कोणतं आहे ते कागदावर लिहा, मग खाली या. क्रम मुद्दाम फुकटाकडून खर्चाकडे लावला आहे. लोक नेमकं उलटं करतात. आधी लंडनला ई-मेल पाठवतात आणि आत्याला फोन करायचा राहून जातो.

आधी घर

जुन्या बायबलची पहिली आणि शेवटची कोरी पानं बघा. जन्म, बाप्तिस्मे, लग्नं तिथे लिहून ठेवायची पद्धत होती. बायबल नसेल तर उपासना-संगीताच्या पुस्तकाचं आतलं पुठ्ठं, लग्नपत्रिका, कबरीवरचा दगड. दगडाचा फोटो सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात काढा. तिरप्या प्रकाशात झिजलेली अक्षरं उठून दिसतात.

मग माणसं. "आजोबांचा बाप्तिस्मा कुठे झाला?" असं विचारू नका, उत्तर "इथेच" असंच येतं. त्यापेक्षा विचारा, पाळक कोण होते? नाताळला कोणत्या गावी जायचात? आजोबांना साहेब काय म्हणून हाक मारायचा?

हा शेवटचा प्रश्न मला फार उशिरा सुचला. माझ्या आजोबांचं नाव केशव. तीन वर्षं मी 'के' आणि 'सी' दोन्ही अक्षरांखाली केशव शोधत होते. एका दुपारी आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "बाबांना मोठे साहेब केसू म्हणायचे, त्यांना श यायचाच नाही." मी तशीच उठून कपाट उघडलं. पंधरा मिनिटांत नोंद समोर: के-ई-एस-ओ-ओ, पुढे वडिलांचं नाव, आणि आडनावाचा पत्ताच नाही. ज्या पानावरून माझं बोट किमान चार वेळा फिरलं होतं, तेच पान.

नाव परक्या तोंडानं म्हणून बघा

यालाही पैसे लागत नाहीत. मराठी नाव मोठ्यानं म्हणा आणि ते कॅनडाहून किंवा स्कॉटलंडहून आलेल्या माणसानं पहिल्यांदा ऐकलं असं समजा. त्याच्या लिपीत ळ नाही, ण नाही, ठ आणि थ एकच. ज्ञानोबा 'डी'खाली सापडेल, 'जी'खाली सापडेल, 'एन'खालीही सापडेल. विठोबा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हीकडे बघायचा. वळणदार हस्ताक्षरातला मोठा 'एस' आणि 'एल', 'टी' आणि 'एफ', 'के' आणि 'आर' यांत भलेभले चकतात. त्याच लेखकाच्या हातचा, आपल्याला नक्की माहीत असलेला एखादा शब्द शोधा. महिन्याचं नाव सर्वात सोपं. सप्टेंबरचा 'एस' कसा काढलाय ते बघून मग नावाकडे वळा.

बायबलमधली नावं सोपी वाटतात, फसवतात मात्र तीच. मराठी बायबलात ज्याला आपण याकोब म्हणतो तो इंग्रजी जुन्या करारात जेकब असतो आणि नव्या करारात जेम्स. म्हणजे घरचा याकोब इंग्रजी रजिस्टरात जेम्स असू शकतो. योहान जॉन होतो, शमुवेल सॅम्युएल, अलिशिबा एलिझाबेथ. मागची नामसूची पुष्कळदा पहिल्या नावावर लावलेली असते, त्यामुळे हे बदल माहीत नसतील तर सूची असून नसल्यासारखीच.

कॅथलिक घर असेल तर नोंद लॅटिनमध्ये असण्याची तयारी ठेवा. जोआनेस म्हणजे योहान, जाकोबुस म्हणजे याकोब, लुदोविकुस म्हणजे लुईस. इथे एक खाच आहे. लॅटिनला मराठीसारख्याच विभक्ती असतात. 'फिलिउस फ्रान्सिस्की' म्हणजे 'फ्रान्सिसचा मुलगा'. लोक फ्रान्सिस्की हेच बापाचं नाव धरतात आणि तो माणूस मग पुढे कुठेच सापडत नाही. 'फिलिया' म्हणजे मुलगी, 'पात्रिनी' म्हणजे धर्मपिता-धर्ममाता. एवढ्या चार शब्दांवर निम्मं पान वाचता येतं. वसईकडची घरं असतील तर जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये भेटतात. तिथे 'फिल्यो द' म्हणजे 'अमक्याचा मुलगा'.

आडनाव विसरा

माझ्याकडे येणारी निम्मी कोडी इथे सुटतात. आडनाव ही पाद्र्याला गरजेची गोष्ट नव्हती. त्याला मुलाचं नाव आणि बापाचं नाव पुरे होई. समजा बापाचं नाव सखाराम, तर मुलगा 'योहान सखाराम' असा नोंदला गेला. पुढच्या पिढीत शाळेनं सखाराम हेच आडनाव धरलं, आणि त्यानंतरच्या पिढीत कुणीतरी जुनं शिंदे, साळवे, गायकवाड परत लावलं. त्यामुळे एकाच घराची तीन पिढ्यांत तीन आडनावं दिसतात आणि वंशावळ तयार करणारा नातू समजतो की ही तीन वेगळी घरं आहेत.

उपाय असा. तुमच्या माणसाची एक नोंद मिळाली की त्याच पानावरच्या वरच्या आणि खालच्या पाच-पाच ओळी उतरवून घ्या. सबंध कुटुंबाचा बाप्तिस्मा एकाच रविवारी होणं नेहमीचं होतं. भाऊ, भावजय, म्हातारी आई, सगळे ओळीनं असतात आणि आडनाव एखाद्याच ओळीत आलेलं असतं.

तारीख: जन्माची, बाप्तिस्म्याची, की कुणाच्या आठवणीतली?

रजिस्टरातली ठळक तारीख बाप्तिस्म्याची असते. जन्मतारीख वेगळ्या रकान्यात, तीही असली तर. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याचं अंतर काही आठवड्यांचं, पण विश्वास धरून मोठेपणी आलेल्याचं अंतर वीस-तीस वर्षांचं असू शकतं. 'प्रौढांचे बाप्तिस्मे' ही काही ठिकाणी वेगळी वही असते. ती मागितल्याशिवाय कुणी काढत नाही.

अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, ब्रिटिश माणूस दिवस. ३/४ म्हणजे एप्रिल की मार्च हे ठरवायचं तर त्याच पानावर बारापेक्षा मोठा आकडा पहिल्या जागी येतो की दुसऱ्या, ते बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि छप्पनचं साल. ते विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९–१९०० चा मोठा दुष्काळ. संवतातून ५७ वजा करा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ५६. त्यात गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो आणि माळव्यात चैत्रात, त्यामुळे बडोद्याच्या आजीचं छप्पन आणि इंदूरच्या आजोबांचं छप्पन काही महिन्यांनी मागेपुढे होतं. शके सांगितला असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या आसपासपासून पुढे ७९.

एकाच नावाच्या दोन नोंदींचं उत्तरही तारखेतच असतं, फक्त वही वेगळी. दफनाचं रजिस्टर काढा. पहिलं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची रीत होती. एका घरात तर तीन एस्तेर निघाल्या. घरच्यांना एकच ठाऊक होती. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

भलती वही बघत आहात का?

बाप्तिस्म्याची नोंद नाहीच मिळाली तर लग्नाची बघा. त्यात वर-वधू दोघांच्याही वडिलांची नावं असण्याची शक्यता जास्त, वय आणि गावही मिळतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत सभासदांची यादी असते. कोण कोणत्या मंडळीतून शिफारसपत्र घेऊन आलं हे तिथे लिहितात, म्हणजे मूळ गावचा पत्ता आयता हातात. पंचांच्या सभेचं इतिवृत्त कंटाळवाणं असतं, पण कुणाला कधी ताकीद दिली हे त्यात तारखेनिशी असतं. घरात न सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी मला तिथे कळल्या.

कॅथलिकांकडे समास वाचायला विसरू नका. १९०८ पासून लग्नाची नोंद मूळ बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करायचा नियम आहे. नोंद करणारा आळशी नसेल तर एका ओळीच्या कडेला माणसाचं पुढचं आयुष्य बारीक अक्षरात सापडतं: दृढीकरण, लग्न, कोणत्या गावच्या चर्चात. १९१७ च्या धर्मविधीसंहितेनं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या ग्रंथानं, तर या रजिस्टरांची प्रत दरवर्षी बिशपांच्या कचेरीत पाठवायला सांगितलं होतं. म्हणजे गावातलं मूळ रजिस्टर खराब झालं असेल तर तिथे विचारायला जागा आहे.

भलतं चर्च बघत आहात का?

इथे चप्पल झिजते, म्हणून हे इतक्या खाली ठेवलं. "आमच्याकडे नाही" हे उत्तर खरं असतं. फक्त 'आमच्याकडे' म्हणजे कोणाकडे, हे आपण विचारत नाही.

आपल्या भागापुरतं सांगते. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर महूला इंग्रजांची छावणी आली. छावणीतल्या चॅप्लेनची, म्हणजे फौजेच्या पाद्र्याची, रजिस्टरं अँग्लिकन. पलटणीत खानसामा, आया, बँडवाले असलेली आपली माणसं तिथे सापडतात. १८७७ मध्ये कॅनडाचे प्रेसबिटेरियन मिशनरी इंदुरात आले. इथल्या मराठी ख्रिस्ती घरांपैकी बरीच नोंद त्यांच्या वह्यांत. नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेल्या घरांचा बाप्तिस्मा मात्र बहुधा तिकडेच झालेला. नगरला असेल तर अमेरिकन मराठी मिशन.

पुढे पाट्या बदलल्या. प्रेसबिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) स्थापन झालं तेव्हा त्याही आणि अँग्लिकनही त्यात आल्या. म्हणजे आज एकाच छताखाली दोन वेगळ्या परंपरांच्या वह्या असतात. "जुनी सगळी दाखवा" असं म्हटलं की एक गठ्ठा येतो, दुसरा मागावा लागतो. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट त्या एकीकरणात सामील झाले नाहीत. म्हणून बडोद्याच्या अशा मेथॉडिस्ट आजीची नोंद सी.एन.आय.च्या कचेरीत शोधण्यात अर्थ नाही.

कॅथलिकांचं वेगळंच. इंदूरचं प्रीफेक्चर (धर्मप्रांत होण्याआधीचा विभाग) १९३५ चं, धर्मप्रांत १९५२ चा. त्याआधी हा मुलुख अजमेरच्या धर्मप्रांताकडे होता. त्यामुळे १९३५ पूर्वीचं काही अडलं तर अजमेरलाही एक पत्र टाका.

पत्रात काय लिहायचं? नाव सर्व स्पेलिंगांसह, बापाचं नाव, पाच वर्षांचा पट्टा, आणि शेवटी एका ओळीत तुमचं नातं. वंशावळ जोडू नका, पाच पानी वंशावळ पाहिली की कारकून पाकीट बाजूला सरकवतो. मीही सरकवते. एकदा एका कचेरीनं मला सात महिने उत्तर दिलं नाही. मग मी जवाबी पाकीट आणि एकच प्रश्न पाठवला, तर नऊ दिवसांत उत्तर.

दूरचे संग्रह

आता इंटरनेट. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर भारतातल्या १७८६ ते १९४७ च्या जन्म-बाप्तिस्म्यांची सूची फुकट शोधता येते, खातं उघडावं लागतं. ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेची सूचीही फुकट आहे. दोन्हींमध्ये भर युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नावांचा, पण छावणीच्या चॅप्लेननं बाप्तिस्मा दिलेली देशी माणसंही त्यात आहेत. मूळ नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इलाख्यानुसार क्रमांक लावून: बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. महू नकाशावर मध्य भारतात असलं तरी १८५७ च्या बंडानंतर छावणी मुंबई फौजेची, त्यामुळे त्यानंतरच्या नोंदींसाठी आधी एन/३ बघा. बंगालमध्ये शोधून थकलेले दोघे मी पाहिले आहेत. या प्रती फाइंडमायपास्टवर पैसे भरून घरबसल्या दिसतात. वर्षाची वर्गणी घेण्याआधी फुकट सूचीत नाव दिसतंय का ते पाहा.

कॅनेडियन मिशनची कागदपत्रं टोरांटोला युनायटेड चर्च ऑफ कॅनडाच्या दप्तरखान्यात, अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाची हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत. तिथे पत्रं, अहवाल आणि फोटो आहेत. बाप्तिस्म्याची रजिस्टरं मंडळीतच राहत. साहेब घेऊन गेले ही समजूत बहुतेकदा इथेच गळून पडते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पानं चिकटली असतील तर नखानं, पट्टीनं, वाफेनं, कशानंही सोडवू नका. जुनी काळी-तपकिरी शाई लोहाची असते. ती कागद आतून खाते आणि दमट पान ओढलं की अक्षराच्या आकाराचं भोक पडतं. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर नकोच. एका ठिकाणी कुणीतरी प्रेमानं सबंध रजिस्टर लॅमिनेट करून ठेवलं होतं. आत अडकलेल्या ओलीनं पानं पिवळी-करडी पडली आणि आता ती बाहेरही काढता येत नाहीत. वारसा जतन करणाऱ्या इंटॅकसारख्या संस्थांची संवर्धन केंद्रं आहेत, त्यांना विचारा. तोवर धुतलेल्या कोरड्या हातांनी, उघडतं तेवढंच पान उघडून फ्लॅश न वापरता फोटो काढा. फोटो कृष्णधवल करून उठाव वाढवला की फिकट शाई बरीच वाचता येते.

मोडी आली तर अंदाजानं वाचू नका. आमच्याच एका इतिवृत्तात 'बाळा' की 'बाबा' यावरून मी दोन घरं एक करून बसले होते. नंतर पुण्याच्या एका मोडी जाणकारांनी दोन मिनिटांत सोडवून दिलं. लॅटिनचं अडलं तर म्हाताऱ्या फादरांना विचारा, ते खूश होतात.

पासपोर्ट, वारसाहक्क, जातीचा दाखला यासाठी नोंद हवी असेल तर माझ्यापर्यंत येण्याआधी वकिलाकडे जा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यानं बाप्तिस्मा सिद्ध होतो. जन्माची नोंद वर्षाहून उशिरा करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि रजिस्टरात खाडाखोड करून ते काम होत नाही.

उरला कोरा रकाना. छप्पनच्या दुष्काळात माळव्यात कनेडियन मिशननं, गुजरातेत इतर मिशनांनी अनाथ मुलं सांभाळली. पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून दुष्काळातल्या मुली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये नेल्या, म्हणून बडोद्याकडच्या आजीची नोंद दौंडजवळ मिळू शकते, तिथे जरूर विचारा. १८९९ ते १९०२ च्या पट्ट्यात एकाच दिवशी वीस-पंचवीस मुलांचे बाप्तिस्मे, सगळी नावं बायबलमधली, वय अंदाजे आणि पालकांच्या जागी आडवी रेघ असं पान दिसलं, की तपासण्या संपल्या. त्या मुलालाच बापाचं नाव सांगता आलं नव्हतं, लिहिणाऱ्यानं लपवलेलं काही नाही. अनाथाश्रमाच्या दाखल-वहीत गाव लिहिलेलं असेल तर तेवढं मिळेल.

मागच्या चैत्रात एक सद्गृहस्थ अशाच एका ओळीपाशी बराच वेळ बसले. मग म्हणाले, "बाई, आमच्यात सगळे मानतात की ते अमक्या घराण्यातले होते. तेवढं पेन्सिलीनं लिहू का कडेला?" मी नाही म्हटलं. त्यांनी रेघेचा फोटो काढला, दोनदा, आणि रजिस्टर स्वतःच्या हातानं फडक्यात बांधून दिलं.